एकेचाळीस किलो बावीस नंबर

थंडी कोणी तयार करत नाही. हे आधी डोक्यात बसवा, मग पुढचं वाचा. चाळीस वर्षं लोक मला विचारत आले, "मिस्त्री, तुमचं मशीन थंडी कसं बनवतं हो?" बनवत नाही. खोलीतली ऊब उचलायची आणि भिंतीच्या बाहेर फेकायची, एवढाच आमचा धंदा. आत कोंबडी गार, बाहेर गल्ली गरम. ज्याची खोली त्याला गारवा, ज्याची गल्ली त्याला झळ. ही ऊब वाहून न्यायला पाईपात एक हमाल असतो, तो म्हणजे गॅस. आमच्या काळात त्याचं नाव बावीस नंबर. त्याच्याआधी बारा नंबर होता, त्याच्यानंतर चारशेचार आला. हमाल बदलले, ओझं तेच.

मी लोटन मिस्त्री. मूळ धानोऱ्याकडचा, पोट भरलं नवापुरात. शाळा चौथी, ती पण चौथीचं वर्ष अर्धं. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमचा जीवनप्रवास लिहा. प्रवास कसला? नवापूर ते अक्कलकुवा, मोटारसायकलवर, मागे गॅसचा बाटला बांधून. तो वाचून तुमचं काही भलं होणार नाही. या वर्षी मे महिन्यात एका बंद पडलेल्या प्लँटातला गॅस हवेत जाऊ नये म्हणून मी भंगारवाल्याच्या आधी जाऊन उभा राहिलो, तेवढं एकच सांगतो. ते सांगायला मागचं थोडं उकरावं लागेल. माझी बायको केसर गेल्या वर्षी गेली. तीही मध्ये मध्ये येईल, तिला कोणी अडवू शकलं नाही, मी पण नाही.

काम शिकलो सुरतेला, एका उस्तादाकडे. त्याची पहिली शिकवण: दुरुस्तीआधी मशीन रिकामं कर. रिकामं म्हणजे काय, तर वॉल्व्हचं टोपण काढायचं, पान्याने अर्धा फेरा द्यायचा, तोंड फिरवून उभं राहायचं. फुस्स करून सगळा गॅस वर. रंग नाही, वास नाही, धूर नाही. उस्ताद म्हणायचा, "हवा थी, हवा में गई." मग जोड लावायचा, नवीन बाटल्यातून नवीन गॅस भरायचा. पाईपात कचरा असला तर तोही गॅसचाच फवारा मारून उडवायचा. काम झालं की अंगावरची धूळ झटकायलाही गॅस. सगळे मिस्त्री असंच करायचे. आजही करतात. कोणी सांगितलं की आम्ही असं करत नाही, तर त्याच्या हाताकडे बघा. गॅसने भाजलेला पांढरा डाग बोटावर असेल. थंडीने पण भाजतं, हे तुम्हाला माहीत नसेल.

लग्न झालं त्या उन्हाळ्यात मी केसरला माझी हुशारी दाखवली. ती विहिरीवरून आली होती, तोंड लाल झालेलं. मी पितळेचा लोटा पाण्याने भरला, बाटला उलटा धरला आणि लोट्यावर बाहेरून फवारा सोडला. मिनिटभरात लोट्याला पांढरं दव धरलं. तिने बोट लावलं आणि मागे घेतलं.

"हाई काय जादू शे?"

"जादू नही. बावीस नंबर शे."

"सरी जाई ना मंग?"

"सरना ते दुसरा आनसू."

संपला तर दुसरा आणीन, असं म्हटल्यावर तिने लोटा गालाला लावला आणि डोळे मिटले. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात एवढं खूश झालेलं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही. त्यानंतर पाहुणा आला की मी हेच करायचो. सगळा मोहल्ला माझ्याकडे पाणी प्यायला यायचा. शहाणा होतो ना.

मी धंद्यात आलो तेव्हा नवापूरची कोंबडी मरेपर्यंत जिवंत असायची. हसू नका, नीट ऐका. बांबूच्या टोपल्यांत भरायची, गाडीने सुरतेला जायची, दुकानासमोर ओरडायची. खाणारा समोर उभा राहून कापून घ्यायचा आणि त्याच दिवशी शिजवायचा. दूध सायकलला कॅन लावून यायचं, उकळायचं, संपायचं. केळी बंद खोलीत पाल्याखाली धूर देऊन पिकायची. मिरची मोकळ्या रानात उन्हात वाळायची, उन्हाला स्विच नव्हता. आमच्यासारख्या मिस्त्रीला काम म्हणजे एखाद्या डॉक्टरचा फ्रीज आणि आइस्क्रीमवाल्याची पेटी.

आता कोंबडी मेल्यावर प्रवासाला निघते. आधी गोठवायची खोली, मग साठवायची खोली, मग थंड गाडी, मग शहरातलं थंड गोडाऊन, मग दुकानातली काचेची उघडी पेटी, जिला दारच नसतं, म्हणजे अख्खं दुकान गार करायचं आणि मग घरचा फ्रीज. सहा ठिकाणी मशीन, सहा ठिकाणी गॅस, सहाही ठिकाणी गळती. माझ्या शेजारी पोल्ट्रीत दिवसभर कोंबड्या ओरडतात आणि त्याच गल्लीतली नवीन सून सुरतेहून गोठून परत आलेलं पाकीट आणते. "फ्रेश आहे, काका." फ्रेश! दोन राज्यं फिरून आलेली आहे ती, तुझ्यापेक्षा जास्त गाव बघून आली. आणि एवढं करून अर्धं ताटात टाकून देतात, कारण डाएट असतं.

मी हे बोलतो म्हणून मी चांगला, असं समजू नका. तापीकाठी एका बागायतदाराचा केळी पिकवायचा चेंबर होता. दर दोन महिन्यांनी त्याचा फोन, "मिस्त्री, थंडी कमी झाली, या." मी जायचो, अख्खा बाटला भरायचो, चहा पिऊन निघायचो. गळती शोधायची म्हणजे साबणाचं पाणी करून एकेक जोड पुसत बसायचं, बुडबुडा कुठे येतो बघायचं. दिवस जातो. तोपर्यंत चेंबर बंद, केळी एकदम पिकणार. तो म्हणायचा, "दिवसभर काय शोधता? भरा आणि निघा." म्हणून मी भरायचो. असं आठ वर्षं. खरं सांगू? तिसऱ्या वर्षीच मला दिसलं होतं. कॉईलच्या मागे एका नटाखाली तेलाचा डाग. गॅस गळतो तिथे तेल येतंच, हे शेंबडं पोरही सांगेल. पान्याचा अर्धा फेरा पुरे होता. मी दिला नाही. नट आवळला असता तर मला बोलावलं कोणी असतं? आठव्या वर्षी त्याने चेंबर विकला. नट तसाच सैल गेला नव्या मालकाकडे.

हे मी केसरला तेव्हा सांगितलं होतं, फुशारकीने. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दुसराना घरना नळ टपकत ऱ्हास आनि तुम्ही हंडा धरीसन बठतस." दुसऱ्याचा नळ गळतोय आणि तुम्ही हंडा धरून बसलात, असा अर्थ. मी म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात नवापूर कसं तापलं होतं ते इथल्यांना सांगायला नको. मी तसा घरी बसलेला, पण मे महिन्यात मिस्त्रीला कोणी म्हातारं होऊ देत नाही. एका बंगल्यातून तीनदा माणूस आला. एसी गार हवा देत नव्हता, त्यांच्याकडे पाहुणे होते. मी गेलो. जुना गॅस सोडला, नवा भरला. मालकीणबाईंनी सरबत दिलं, "बसा ना मिस्त्री, जरा गारव्यात." मी बसलो. वीज गावभर गेली होती, पण त्यांच्याकडे जनरेटर. घरी आलो तर केसर जमिनीवर पडलेली. अंग तव्यासारखं, घाम नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मी म्हटलं, "ती घरात होती." ते म्हणाले, "घरातही लागतं."

मी इथे काही जुळवून सांगत नाही. ऊन लागून माणसं माझ्या आज्याच्या काळातही मरायची. लोक येऊन म्हणाले, देवाने नेली, सवाष्ण गेली, पुण्यवान. मला त्यांच्या तोंडाला कुलूप लावावंसं वाटलं. देवाला नवापुरात दुसरं कोणी दिसलं नाही का?

या वर्षी भर उन्हाळ्यात शेठने बोलावलं. शेठची कोंबडीची कोल्ड स्टोरेज आहे, त्यांचा जुना प्लँट मीच सांभाळला, सुरू झाल्यापासून. आता मोठ्या शहरातला कोणी खरेदीदार म्हणत होता, तुमच्या मालामागे किती कार्बन लागतो तो कागद दाखवा, मगच माल घेऊ. शेठने जुना प्लँट बंद करून नवीन बसवला आणि पुण्याहून मोजणारी पोरगी बोलावली. मृणाल तिचं नाव. माझ्या नातीच्या वयाची. लॅपटॉप मांडीवर, डोक्यावर ओढणी, उन्हात फिरून फिरून विचारत होती. कोंबडीचं खाद्य कुठून येतं, डिझेल किती, वीज किती, कोंबडीची विष्ठा कुठे टाकता. तिने विचारलं, "वर्षभरात गॅस किती भरला?"

मॅनेजर म्हणाला, "गळती नाहीच आपल्याकडे. शून्य लिहा."

मी दाराशी उभा होतो. मला हसू आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, "काका, का हसलात?"

"शून्य ऐकून हसलो, पोरी. मी इथे शून्य भरायला वीस वर्षं येत होतो काय?"

मॅनेजरने मला डोळे दाखवले. पण पोरगी हुशार. संध्याकाळी विचारत विचारत माझ्या घरी आली. गल्लीत शिरल्या शिरल्या म्हणाली, "काका, इथे अजून सिगडीवर स्वयंपाक करतात? केवढा धूर होतो. याचाही परिणाम होतो बरं का वातावरणावर."

झालं. बाई भाकरी करते तो धूर यांना पुण्याहून दिसतो.

मी तिला शेजारच्या दारातल्या सिगडीपाशी नेलं. म्हटलं, "धूर नंतर मोज, आधी सिगडी बघ. ही कशाची आहे?"

तिने खाली वाकून पाहिलं. जळून काळी पडली तरी एका बाजूला जुना हिरवा रंग होता. "सिलिंडर आहे का हा? अर्धा कापलेला?"

"गॅसचा रिकामा बाटला. एकदाच वापरायचा असतो, मग फेकून द्यायचा. मी कापून सिगडी करायचो आणि माझी बायको वाटायची. जिला नवीन चूल मांडायची तिला एक. हिच्या जाळाने होत नाही तेवढं नुकसान ही रिकामी करताना झालं असेल. आता गल्लीतल्या मोज, मग मागच्या गल्लीतल्या, मग पाड्यावर जा."

ती मोजायला लागली. सहाव्या दारापाशी थांबली. मग माझ्या ओट्यावर बसली आणि तिने मला सांगितलं. बावीस नंबरचा एक किलो हवेत सुटला तर सहाशे-सातशे लिटर डिझेल जाळल्याएवढी धरती तापते. आणि तो चारशेचार, जो नवा आणि चांगला म्हणून आम्हाला विकला, तो याच्या दुपटीने वाईट. बावीस आकाशातलं ओझोनचं छप्पर फाडत होता म्हणून चारशेचार आणला; त्याने छप्पर सोडलं आणि चूल पेटवली.

मी तिला परत विचारलं. "बाटल्यामागे सातशे लिटर?"

"बाटल्यामागे नाही काका, किलोमागे."

मी आयुष्यभर पेट्रोल वाचवायला चरणमाळ घाटाच्या उतारावर मोटारसायकल बंद करून न्यायचो. मागे बाटला बांधलेला. आता हसायचं तर हसा.

मग मी तिला कामाचं विचारलं. शेठचा जुना प्लँट पाठीमागच्या शेडात उभा आहे. बंद आहे, पण पोटात गॅस आहे. परवा भंगारात जाणार. भंगारवाला पाईप कापणार. त्या गॅसचं काय?

तिने लॅपटॉप उघडला, खाली-वर केलं. "बंद पडलेला प्लँट यंदाच्या मोजणीत येत नाही, काका. त्याला रकाना नाही."

"म्हणजे हवेत गेला तर?"

"कागदावर काही फरक पडणार नाही." हे बोलताना तिची मान खाली होती, एवढं तिच्या बाजूने सांगतो. मग म्हणाली, "पण तो ओढून घेता येतो. मशीन असतं. बाटल्यात परत भरता येतो."

मशीन असतं हे मला माहीत होतं. शेठकडेच होतं. तपासणीला दाखवायला आणलेलं, खोक्यातून कधी निघालं नाही. खोक्यावर मॅनेजर डबा ठेवून जेवायचा.

दुसऱ्या दिवशी शेठकडे गेलो. म्हटलं, जुन्या प्लँटातला गॅस मी काढतो, मला तुमचं मशीन द्या. शेठ माणूस वाईट नाही, त्याला फक्त उद्याचं दिसतं. म्हणाला, "मिस्त्री, उमर काय तुमची? आराम करा. हवाच आहे ती."

"शेठ, ही हवा मीच भरलेली आहे."

"करा मग. पण उद्या दुपारी शेड रिकामं पाहिजे. परवा फरशीवाले येतील."

मशीनबरोबर एक बाटला होता. नवीन प्लँट बसवणाऱ्या पोरांकडून मी तसेच, परत भरता येणारे दोन मागून घेतले. पुढच्या दिवशी सकाळी आठला शेडात गेलो. मशीन मी कधी चालवलं नव्हतं. धंद्यात चाळीस वर्षं, आणि गॅस आत घ्यायचं मशीन पहिल्यांदा हातात. खोक्यातल्या कागदावर सगळं इंग्रजी, चित्रं बघून पाईप जोडले. कोंबड्या मोजायच्या काट्यावर बाटला ठेवला, कारण बाटला गळ्यापर्यंत भरायचा नसतो, गरमीत गॅस फुगतो आणि बाटला फुटतो. बटण दाबलं. मशीन कण्हलं आणि ओढायला लागलं. काट्यावर आकडा हळूहळू सरकायला लागला. एक किलो. दोन किलो. प्रत्येक किलोला माझ्या डोळ्यांसमोर डिझेलची पिंपं.

पहिला बाटला भरला तेव्हा दहा वाजले होते. दुसरा निम्म्यावर आला आणि भंगारवाला युसुफ आला. टेम्पो, दोन माणसं, करवत, गॅस कटर. युसुफ माझ्या ओळखीचा, माझे मेलेले कॉम्प्रेसर तोच न्यायचा.

"चाचा, दुपारचं ठरलं होतं, पण म्हटलं ऊन व्हायच्या आत उचलू." मग त्याने मशीनकडे पाहिलं. "ये क्या कर रहे?"

"गॅस काढतोय."

"काढताय मतलब?"

"बाटल्यात भरतोय."

तो त्याच्या माणसांकडे वळला. "चाचा हवा घर ले जा रहे. नाती के लिए गुब्बारे फुलाएंगे." तिघं हसले. मीही हसलो असतो, त्याच्या जागी असतो तर.

अकरा वाजता शेडाचे पत्रे तापले. बाटला हाताला चटका द्यायला लागला. बाटला गरम झाला की आतला दाब वाढतो आणि मशीन स्वतःच बंद पडतं. तसंच झालं. खट्. सुरू केलं, दोन मिनिटांनी परत खट्. मी बाटल्यावर पाणी ओतलं, पाणीच गरम. गोणपाट ओलं करून गुंडाळलं, सुकलं. थंडीवाला मिस्त्री म्हणून जिल्हाभर फिरलो आणि एक बाटला गार करता येईना.

युसुफने घड्याळ पाहिलं. त्याच्या एका माणसाने पलीकडून पाईपाला करवत लावली. दोन ओढे मारलेही. मी उठलो आणि करवतीच्या पुढे पाईपावर हात ठेवला.

"चाचा, हात हटाओ."

"नाही."

"अरे, हवा आहे ना!"

"युसुफ, चाळीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलोय. हवा आहे, हवा आहे."

"तो फिर आज क्या हुआ?"

माझ्याकडे लांबलचक उत्तर होतं. त्या पोरीने सांगितलेलं डिझेल, छप्पर, सगळं. तोंडातून एवढंच निघालं, "केसर गेली ना."

युसुफने त्याच्या माणसाला खूण केली. करवत खाली आली.  पण युसुफ धंद्याचा माणूस, उभा राहून रडणारा नव्हे. त्याने बाटल्याला हात लावून पाहिला, हात झटकला आणि विचारलं, "बर्फाने लवकर होईल?"

"होईल."

"मग आधी बोलायचं ना. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

मासळीबाजारातून टेम्पोत बर्फाच्या लाद्या आल्या, उकई धरणाच्या मासळीचा वास घेऊन. आम्ही बाटला टबात उभा केला, भोवती बर्फ फोडून टाकला, वर गोणपाट. मशीन चाललं. करवत मारणारा माणूस आता बर्फ फोडत होता. युसुफ काट्यावरचा आकडा वाचायला बसला. मध्येच म्हणाला, "चाचा, मी आजपर्यंत किती कापले असतील?" मी म्हटलं, "मी किती सोडले ते विचार." तो म्हणाला, "नको, आपण दोघंही नको मोजूया."

चार वाजता काटा थांबला. तीन बाटले मिळून एकेचाळीस किलो. प्लँटच्या पाटीवर साठ लिहिलेलं होतं. बाकीचे एकोणीस किलो कधीच गेले होते, मॅनेजरच्या शून्यात.

मॅनेजर आला. त्याने मला तीन बाटल्यांमागे उभं केलं, खांदे सरळ करायला लावले आणि फोटो काढला. तो फोटो त्यांच्या कागदात छापलाय म्हणे, हिरव्या रंगाच्या पानावर, खाली काहीतरी इंग्रजी. फोटो झाला आणि म्हणाला, "मिस्त्री, हे इथे ठेवता येणार नाहीत. तपासणीला अडचण होते. घेऊन जा."

"कुठे नेऊ?"

"ते तुम्ही बघा. तुम्हीच काढलाय."

युसुफने टेम्पोतून घरी आणून दिले. भाडं नाही घेतलं. उतरवताना म्हणाला, "आता गुब्बारे नक्की."

मृणालने असा गॅस परत घेणाऱ्यांचे फोन नंबर पाठवले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, आम्ही घेत नाही, अमक्यांना विचारा. अमके म्हणाले, आमच्याकडे टनाने येतो, तीन बाटल्यांसाठी गाडी पाठवत नाही, आणि तुम्ही तुमच्या गाडीने आणायचा तर परवाना पाहिजे. परवान्यासाठी पहिल्या ठिकाणी फोन करा. मी विचारलं, मग गावोगावच्या मिस्त्रीने काढलेला गॅस करायचा काय? बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, सहसा कोणी काढत नाही." एवढा खरा शब्द त्या सगळ्या फोनांत तोच. पोरगी मात्र अजून खटपट करते, दर आठवड्याला विचारते, "काका, बाटले ठीक आहेत ना?" जणू म्हशी व्यायच्या आहेत.

माझा मुलगा सुरतेला एसीचंच काम करतो. आला तेव्हा बाटले बघून कपाळाला हात लावला. "आप्पा, सोडी द्या ना. एक मिनिटनं काम शे."

"तू काय करस तठे?"

"मी काय करसू? दिवसले पाच एसी राहतस. ओढत बसू ते पोरं काय खातीन?"

 त्याला बोलायला तोंड पाहिजे, ते मी केळीच्या चेंबरला आठ वर्षं गहाण टाकलेलं आहे. मी फक्त बाटल्यांवर रंगाने लिहिलं, उघडू नये. त्याने वाचलं, आणि मग जाईपर्यंत तो त्या बाजूला गेला नाही.

बाटले सांभाळायचे म्हणजे सावलीत, घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवायचे. अशी जागा कुठली ते मला माहीत नव्हतं. पेटीत कोल्ड रूमचं लांब वायरीचं थर्मामीटर होतं, ते काढलं. लोकांच्या किती खोल्या मोजल्या, स्वतःचं घर पहिल्यांदा मोजलं. दुपारी दोनला. पुढच्या पत्र्याच्या खोलीत बेचाळीस. मधल्या घरात चाळीस. मागे मोरीच्या बाजूला, सिमेंटच्या टाकीलगत, शेजाऱ्याच्या निंबाची सावली पडते तिथे छत्तीस. मी तीनदा मोजलं. तीनदा छत्तीस.

केसर दुपारी पुढच्या खोलीत पडायची. दारातून रस्ता दिसतो, मी येताना दिसावा म्हणून. मी तिला कधी म्हटलं नाही की मागे जा, मागे गार आहे. मला माहीतच नव्हतं. सहा अंशांसाठी लोक मला वीस कोसांवरून बोलवायचे.

बाटले आता तिथे आहेत, टाकीला टेकून, वर ओलं गोणपाट. दर शनिवारी साबणाचं पाणी लावून बघतो, बुडबुडा नाही. ज्या कोणाला न्यायचे असतील त्याने यावं, परवाना घेऊन यावं, नुसतं विचारायला येऊ नये. दुपारी आलात तर सरळ मागेच या. मी तिथेच खाट टाकतो आता. अजून एक खाट सहज मावते.